ओ यायला लागणारा वेळ

नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला नोकरी मिळाली. सरकारी भाषेत तिला अनुकंपा नियुक्ती म्हणतात. झाशीतल्या एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात तो होता आणि मी एम.सी.ए. करून एका शाळेत मुलांना संगणक शिकवत होते. कागद फिरले, सह्या झाल्या, आणि एके दिवशी मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसले. खुर्चीची उंची त्याच्या पायांच्या बेताची. माझे पाय जमिनीला टेकेनात. ती खाली करायचा दांडा हाताशीच होता, पण मी तो बरेच दिवस ओढला नाही.

त्या वर्षात सगळंच माझ्या नावावर होत होतं. गॅस, स्कूटर, विजेचा मीटर, बँकेचं खातं. ज्या खिडकीवर जावं तिथला माणूस माझ्याकडे बघून आधी आवाज खाली आणायचा आणि मग म्हणायचा, "हो जाएगा, बहनजी." आणि खरंच व्हायचं. ज्यांनी तो असताना साध्या पत्त्याच्या बदलासाठी आम्हाला चकरा मारायला लावल्या, तेच आता मुकाट्याने शिक्का उठवत होते. लोक म्हणायचे, नशीब समज. मला मात्र राग यायचा. माणूस जातो आणि त्याचं सगळं इतक्या सहज दुसऱ्याचं होतं, कुणीतरी एकदा तरी नाही म्हणावं की! शेवटी नाही म्हटलं ते यंत्राने.

आमच्या विभागात एक क्लस्टर आहे. क्लस्टर म्हणजे एका थंडगार खोलीत मांडलेले पुष्कळ संगणक. ते आपसात निरोप पाठवत मिळून एक मोठं काम करतात. हे निरोप किती वेळात पोचतात आणि परत येतात ते नवरा मोजायचा. त्याला लेटन्सी म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने मला ती समजावली होती. मला ती ठाऊक होती, पण नवा नवरा उत्साहात असला की ऐकून घ्यावं लागतं. "आई खालून हाक मारते ना, बाळ म्हणून? मी वरून ओ देतो. हाक आणि ओ यांच्यामधला जो वेळ, ती लेटन्सी."

या घरात त्या 'ओ'ला फार मान. माझ्या सासरचे लोक पिढ्यान् पिढ्या झाशीचे, घर ओरछा गेटजवळच्या गल्लीत. मी भुसावळची, रेल्वेवाल्यांची मुलगी, त्यामुळे आल्या आल्या यांचं मराठी ऐकून मला हसूच आवरेना. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, सरळ म्हणायच्या, "बाळ, पंखा बंद करून घे, बिजली फुकट जातेय." भाजीवाल्याशी हिंदी, शेजारणीशी बुंदेली, देवाशी मराठी असा त्यांचा हिशेब. पण हाकेला 'हाँ' म्हटलेलं त्यांना खपत नसे. गल्लीतली सगळी पोरं आईला "हाँ अम्मा" म्हणत मोठी झाली. हा एकटा "ओ" म्हणत मोठा झाला, कारण चुकून हाँ निघालं की खालून आवाज यायचा, "हाँ काय हाँ? ओ म्हण." दाढीत पांढरे केस आले तरी, घरून दिल्लीच्या साहेबांबरोबर मीटिंग चालू असली तरी, तो मध्येच मान वळवून 'ओ' द्यायचा. त्याच्या चाचणीतही पहिला संगणक दुसऱ्याला जो निरोप पाठवायचा त्याचं नाव त्याने 'हाक' ठेवलं होतं, आणि परत यायचा तो 'ओ'. विभागातल्या हिंदी लोकांना हे काय प्रकरण आहे ते कधी कळलं नाही.

त्याचा दहावा दिवस आम्ही ओरछ्याला बेतवेच्या काठी केला. नागपूरहून आलेल्या चुलत दिराने पिंड मांडले आणि आम्ही मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते. खडकावर बसले होते, मान तिरकी करून बघत होते, पण पिंडाला एकही शिवेना. गेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मग एकेकाने पुढे होऊन वचन द्यायचं. दीर म्हणाला, आईला आम्ही अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. वहिनी नोकरीला लागेल, मी स्वतः मागे लागेन. नाही. घराचं राहिलेलं बांधकाम पुरं करू. नाही. विभागातले त्याचे एक सहकारी आले होते, ज्यांना सगळे सिस्टिमवाले भैया म्हणतात ते. त्यांच्याकडे ही रीत नाही, पण भटजींनी खूण केली तसे ते बिचारे हात जोडून पुढे झाले आणि कावळ्याला म्हणाले, "भाईसाहब, सर्वर की चिंता मत कीजिए, हम हैं." त्या तसल्या वेळीही मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी पदर तोंडावर धरला, तेव्हा बायांना वाटलं मी रडतेय.

ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि शास्त्र उरकलं. तशीही सोय असते. परत येताना गाडीत आई एकदा म्हणाल्या, "गवताचा कावळा खरा असतो का गं?"

तेव्हापासून त्यांनी नेम धरला. रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर दहीभात ठेवायचा आणि कावळा येऊन तो उचलेपर्यंत स्वतः तोंडात काही घालायचं नाही. झाशीच्या उन्हात पोटात अन्न नसलेली म्हातारी गच्चीच्या दारात बसून राहायची. कधी चिमण्या यायच्या, कधी खार यायची, कधी एक माकड येऊन ताटलीच घेऊन जायचं. कावळा यायचा तो दुपारी कधीतरी, आणि तरीही त्यांचं समाधान नसे. बाळ सुटला का, एवढा एकच प्रश्न त्यांच्या डोळ्यांत असायचा. त्या वाळत चालल्या होत्या. मी चिडायचे, ओरडायचे, आणि खाली येऊन मीही न जेवताच ऑफिसला जायचे.

ऑफिसात मला मिळालेलं पहिलंच काम त्याचं राहिलेलं. नवे संगणक आले होते. जुन्यांवर त्याने घेतलेली मापं होती, नव्यांवर तीच चाचणी चालवून दोन्ही ताडून पाहायची, आणि मग जुन्या डिस्क काढून टाकायच्या. चाचणी त्याने कंटेनरमध्ये भरून ठेवली होती. तो त्याला डबा म्हणायचा. प्रोग्रॅमला लागतं ते सगळं मीठमसाल्यासकट डब्यात भरायचं, मग डबा कुठल्याही संगणकावर उघडा, चव तीच. मी तो डबा उघडला. पडद्यावर ओळी धावल्या आणि अचानक थांबल्या. पर्मिशन डिनाइड. परवानगी नाही.

मला वाटलं माझंच काही चुकलं. शाळेत शिकवणारी बाई, क्लस्टरशी कधी संबंध आला नव्हता. पुन्हा चालवली, पुन्हा तेच. शेवटी सिस्टिमवाल्या भैयांना बोलावलं. त्यांनी वाकून पाहिलं.

प्रकार साधा होता. आमच्या क्लस्टरवर नियम असा की डबा कुणीही भरलेला असो, तो चालतो उघडणाऱ्याच्या हक्काने. आत शिरून कुणी राजा होत नाही. हा नियमही त्यानेच घातलेला. आता डबा माझ्या हक्काने चालत होता, आणि मापं वाचायला, नवी लिहायला जात होता त्याच्या फोल्डरात. ते फोल्डर त्याने फक्त स्वतःसाठी उघडं ठेवलेलं. म्हणून दारातूनच परत. भैयांनी मला फोल्डरचा मालक दाखवला. तिथे नाव नव्हतं. माणूस गेला की त्याचं खातं काढतात आणि नाव पुसलं जातं, पण त्याने केलेल्या फाइली राहतात आणि नावाच्या जागी नुसता आकडा दिसायला लागतो. तो आकडा त्याला पहिल्या दिवशी मिळालेला. त्याच्या हयातीत मी तो कधी पाहिला नव्हता.

"मैं रूट से चला देता हूँ," भैया म्हणाले. रूट म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली. पण मग नवी मापं रूटच्या नावे पडणार आणि मी पुन्हा बाहेरच. दुसरा मार्ग, फोल्डर सगळ्यांना सताड उघडं करायचं. तसं कुणी सुचवलं की नवरा म्हणायचा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. म्हणजे राहिला तिसरा. "मालिक बदल देते हैं. आपके नाम. एक लाइन का काम है, भाभीजी."

त्यांची बोटं कीबोर्डवर होती. मी म्हणाले, "रुकिए. आज नहीं."

का, ते त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगताही आलं नसतं. गॅस माझ्या नावावर झाला तेव्हा मी काही बोलले नाही. स्कूटर झाली, मीटर झाला. आता या जगात तो मालक आहे अशी एवढी एकच जागा उरली होती, आणि तिथेही त्याचं नाव नव्हतं, नुसता आकडा होता. तोही मीच पुसायचा? मला ते जमणार नव्हतं. एवढंच नाही, मला ती नकाराची ओळ आवडायला लागली होती. सगळ्यांनी मला त्याच्या खुर्चीत बसवलं होतं आणि तू म्हणजे तोच असं धरून चालले होते. यंत्र तेवढं म्हणत होतं, तू तो नव्हेस.

मग मला खोडच लागली. सकाळी आल्या आल्या मी डबा उघडायचे आणि नकार घ्यायचे. त्या ओळीत फोल्डरचा रस्ता यायचा, मग मी मालक कोण ते विचारायचे आणि आकडा यायचा. नकार का होईना, त्याच्याकडून काहीतरी येत होतं. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांचा एकसारखा आवाज असतो. त्यात मला कधीकधी तो घसा साफ करतोय असं वाटायचं आणि मी मान वळवायचे. तिथे दिवे लुकलुकत असायचे. मी घाबरत नव्हते, उलट घरी जायला उशीर करायचे. हे बरं नाही हे कळत होतं. जुन्या डिस्क सोमवारी काढणार असं ठरलं तरी मी ते कुणाला सांगितलं नाही.

घरी आई विचारायच्या, "त्याचं यंत्रातलं काम झालं का?" नाही म्हटलं की म्हणायच्या, "तिथंच अडकलाय तो." मी एकदा फटकारलंच, "आई, काहीतरीच काय. तो संगणक आहे." पण बोलताना माझा आवाज मलाच खोटा वाटला.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट व्हायची. ती मी कुणाला सांगितली नव्हती. पाण्याच्या मोटरचं बटण वरच्या खोलीत आहे. टाकी भरली की आई खालून हाक मारायच्या, "बाळ! मोटर!" इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून जायची. हाक जिन्यातून वर यायची आणि पुढे काहीच व्हायचं नाही. आईंना कळायचं, मला कळायचं, आणि दोघीही गप्प. टाकी वाहायला लागायची, पाणी शेजारणीच्या अंगणात पडायचं आणि ती ओरडायची, "काए जिज्जी, पानी बह रओ!" मग मी आवाज न करता उठून बटण बंद करायचे. ओ मात्र मी कधी दिला नाही. तो माझा नव्हता. आणि दिला असता तर त्या जिन्यात पुन्हा त्याची वाट बघायला जागा राहिली नसती.

डिस्क काढायच्या आदल्या रविवारी आई गच्चीच्या दारात बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले, त्यांनी घेतला नाही. डिस्कचं मी तेव्हा त्यांना सांगून टाकलं, की उद्या जुन्या डिस्क त्याच्या फोल्डरसकट काढतील, त्याचं काम राखायचं तर त्याआधी माझ्या नावावर करावं लागेल आणि मला ते होत नाही. त्या कठड्याकडेच बघत होत्या.

"घाटावर सगळे बोलले," त्या म्हणाल्या. "दीर बोलला, तो भैया बोलला. तू नाही बोललीस."

"मला कुणी विचारलंच नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की कठड्यावरच्या चिमण्या उडाल्या. "बायको मागे उभी. तिला कोण विचारतं?"

"मग आता बोल की," आई म्हणाल्या. "आता कोण अडवतंय?"

सोमवारी भैया माझ्या आधी येऊन बसले होते. मी म्हटलं, कर दीजिए. त्यांनी ओळ लिहिली. त्यात त्याचा आकडा होता आणि माझं नाव होतं. शेवटची कळ दाबायची राहिली तेव्हा ते खुर्ची सोडून उठले आणि मला म्हणाले, "आप ही कीजिए." मी बसले. आधी दांडा ओढून खुर्ची खाली केली, पाय जमिनीला टेकले. मग मोठ्याने म्हणाले, मराठीत, "तुझं आता मी बघते." भैयांना मराठी येत नाही, पण त्यांनी हात जोडले, घाटावर जोडले होते तसेच. मी कळ दाबली.

फोल्डर उघडलं. मी डबा चालवला आणि या वेळी तो कुठेही अडला नाही. पडद्यावर हाक, ओ, हाक, ओ अशा ओळी पडत गेल्या, आणि प्रत्येक ओळीपुढे डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारा वेळ. मग नवं-जुनं ताडायला मी त्याची मापं वर सरकवत गेले आणि एका तारखेशी माझा हात थांबला. ती तारीख तो गेल्याच्या नंतरची होती.

चाचणी रोज सकाळी आपोआप चालावी अशी त्याने लावून ठेवलेली. तो गेला त्या सकाळीही ती चालली होती. दुसऱ्या दिवशीही. आम्ही बेतवेच्या काठी उन्हात उभे होतो, कावळा हलत नव्हता, तेव्हा इथे त्याच्या नावाने एक संगणक हाक मारत होता आणि दुसरा ओ देत होता. त्या दिवसाची सगळी मापं तिथे होती, एकही ओ चुकलेला नव्हता. खातं काढलं त्या दिवशी ओळी संपल्या.

मी भैयांकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. "किसी का मन नहीं हुआ बंद करने का," ते म्हणाले आणि उगाच चष्मा पुसायला लागले. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडले. घाटावर खोटं रडले होते, त्याची भरपाई झाली.

दुपारी रजा टाकून घरी आले. आई गच्चीच्या दारात होत्या, दहीभात कठड्यावर तसाच. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले आणि सांगितलं. संगणक, चाचणी यातलं त्यांना किती कळलं कोण जाणे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "दहाव्यालाही?"

"हो. सकाळभर."

त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि मला कळेना त्या हसतायत की रडतायत.

"म्हणजे कामावर होता तो," त्या म्हणाल्या. "मग कसा येणार?"

कामापायी ताटावरून उठणारा मुलगा. त्याच्या नावाने त्यांनी जन्मभर बोटं मोडली होती. आताही मोडली. "सदानकदा काम. जेवायची शुद्ध नाही मेल्याला." आणि मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, कठड्यावर एकदाही न बघता खाली गेल्या आणि स्वतःच्या हाताने पान वाढून घेतलं. मला म्हणाल्या, तू पण बस. आम्ही दोघी जेवलो. गवार होती, जरा करपलेली.

संध्याकाळी मी वरच्या खोलीत त्याच्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मोटर चालू होती. टाकी भरत आली तसा पाण्याचा आवाज बदलला आणि खालून हाक आली.

"बाळ! मोटर!"

मी हातातला शर्ट खाली ठेवला. जिना शांत होता. पाणी काठाशी आलं असणार. मला वाटलं आता नेहमीसारखं आवाज न करता उठावं, बटण बंद करावं, आणि मी उठलेही. पण बटणापाशी पोचायच्या आधीच माझ्या तोंडून निघालं.

"ओ."

मोटर बंद केली. खाली भांड्यांचा आवाज थांबला होता. कितीतरी वेळ काहीच आलं नाही, मला वाटलं मी म्हातारीचं काळीज दुखावलं. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले.

"किती वेळ लावलास," आई खालून म्हणाल्या, "ओ द्यायला."